गोविंदगडचा मोहन

२७ मे १९५१. विंध्य प्रदेशातल्या सिधी जिल्ह्यात, बरगडीच्या जंगलात वाघाची शिकार चालू होती. शिकारीचे यजमान होते रीव्याचे महाराजा मार्तंडसिंह. संस्थाने विलीन होऊन तीन वर्षे झाली होती, राजांची सत्ता गेली होती. पण मचाण, हाकारे आणि बंदुका अजून जुन्याच होत्या. त्या दिवशी एक वाघीण आणि तिची पिल्ले गोळ्यांना बळी पडली. एक पिल्लू मात्र कपारीत शिरून बसले. वय साधारण नऊ महिने, डोळे निळसर, अंगावर पट्टे होते पण पट्ट्यांखालची कातडी पांढरी. भावंडे नेहमीच्या रंगाची होती म्हणून मारली गेली. हे पांढरे होते म्हणून पिंजरा लावून जिवंत धरले गेले.

त्याचे नाव मोहन ठेवले. आज जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत दिसणारे पांढरे वाघ बव्हंशी याच एका पिल्लाचे वंशज आहेत. मोहन वाचला तो त्याच्या रंगामुळे. पुढे त्याच्या पिढ्यांचे जे काही झाले, तेही त्याच रंगामुळे.

मोहन हा पहिला पांढरा वाघ नव्हता. रीवा आणि आसपासच्या जंगलांत असे वाघ अधूनमधून दिसत आणि मारलेही जात. १९१५ साली रीवा संस्थानातच एक पांढरा नर जिवंत पकडला गेला होता. तो काही वर्षे बंदिवासात जगला आणि मेल्यावर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून धाडण्यात आले. त्या काळात वाघाच्या वाट्याला येणारा मोठ्यात मोठा मान हाच होता. रीव्याच्या राजघराण्यात तर एकशे नऊ वाघ मारणे राजाला शुभ मानले जाई. बांधवगडचे रान हे याच घराण्याचे शिकारीचे राखीव जंगल.

या नोंदी विखुरलेल्या होत्या. कुणा अधिकाऱ्याच्या शिकारपत्रात एखादी ओळ, कुणाच्या दिवाणखान्यात अंथरलेले एखादे कातडे. त्या एकत्र येत गेल्या त्या मुंबईत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देशभरातले शिकारी, वनाधिकारी आणि चहामळेवाले वेगळ्या रंगाचे प्राणी दिसल्याचे कळवत असत. काळा बिबट्या, पांढरे चितळ, फिकट अस्वल असे काय काय. आसामातले चहामळ्यावरचे निसर्ग-अभ्यासक ई. पी. जी यांनी १९५९ साली याच नियतकालिकात पांढऱ्या वाघांवर लेख लिहिला आणि तोवरच्या नोंदींची जुळवाजुळव केली. अशा नोंदींतून एक गोष्ट स्पष्ट होते. मारल्या गेलेल्या पांढऱ्या वाघांपैकी बरेच पूर्ण वाढलेले होते. म्हणजे पांढरा वाघ रानात तग धरूच शकत नाही, हा समज खरा नाही. चितळ-सांबरांना तांबडा आणि हिरवा रंग आपल्यासारखे वेगवेगळे दिसत नाहीत, त्यामुळे केशरी वाघ त्यांच्या नजरेला झाडोऱ्यात विरघळतो. पांढऱ्या वाघाला ही सोय कमी, हे खरे. तरीही तो शिकार करत होता, मोठा होत होता. त्याला संपवले ते बंदुकीने.

हा रंग येतो कुठून, हे कळायला पुढे साठेक वर्षे लागली. सस्तन प्राण्याच्या केसात मुख्यतः दोन रंगद्रव्ये असतात. एक काळे-तपकिरी, दुसरे पिवळे-तांबूस. केशरी वाघात दोन्ही आपापल्या जागी उतरतात: पट्ट्यांत काळे, मधल्या भागात तांबूस. ज्या प्राण्यात रंगद्रव्य बनतच नाही तो पूर्ण पांढरा असतो आणि त्याचे डोळे गुलाबी दिसतात. मोहन तसा नव्हता. त्याच्या पट्ट्यांचा रंग उतरून राखी-तपकिरी झाला होता, पण पट्टे होते. डोळ्यांतही निळेपणा होता. त्याच्यातले काळे रंगद्रव्य बरेचसे शाबूत होते, बिघडले होते ते तांबूस. म्हणून त्याला रंगहीन म्हणणे चूक. माणसाच्या कोडाशीही याचा संबंध नाही. कोड नंतर उद्भवते आणि पसरते, हा रंग जन्मापासूनचा असतो.

हा गुण अप्रभावी आहे. पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून बदललेले जनुक मिळाले तरच ते पांढरे होते. एकाकडूनच मिळाले तर पिल्लू केशरी दिसते, पण ते जनुक पोटात वागवते आणि पुढे देते. बरगडीची ती वाघीण केशरी असली तरी तिच्यात हे जनुक दडलेले असणारच. तिचा जोडीदारही तसाच असणार. दोन दडलेल्या शक्यता एकदा भेटल्या आणि मोहन जन्मला. मोठ्या, मोकळ्या जंगलात असे क्वचित घडते. तिथे हे जनुक पिढ्यान्पिढ्या केशरी अंगाखाली झाकून चालत राहते.

मोहनला रीव्याजवळच्या गोविंदगडच्या तळ्याकाठच्या राजवाड्यात ठेवले. महाराजांचा त्याच्यावर जीव होता. तो रविवारी मांसाला तोंड लावत नसे, त्या दिवशी त्याला दूध देत, अशी आठवण रीव्यात आजही सांगतात. महाराजांना आणखी पांढरे वाघ हवे होते. त्यांनी बेगम नावाची केशरी वाघीण मोहनच्या जोडीला दिली. १९५३ ते १९५६ दरम्यान बेगमला तीन वेतांत दहा पिल्ले झाली. दहाच्या दहा केशरी.

आज शाळेतले मूलही याचे कारण सांगेल. बेगमकडे ते जनुक नव्हते. पण तिच्या प्रत्येक पिल्लाला मोहनकडून त्याची एक प्रत मिळालेली होती. बेगमच्या दुसऱ्या वेतातली एक मादी होती, राधा. महाराजांनी राधाची जोडी तिच्या बापाशी लावली.

३० ऑक्टोबर १९५८ रोजी गोविंदगडच्या राजवाड्यात राधाला चार पिल्ले झाली. चारही पांढरी. त्यांची नावे राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी. अशा जोडीत प्रत्येक पिल्लू पांढरे होण्याची शक्यता निम्मी असते. चारही पांढरी निघणे सोळांत एकदा घडावे असे. पांढरे वाघ माणसाच्या देखरेखीखाली पैदा करता येतात हे त्या दिवशी सिद्ध झाले. ते कसे करता येतात, हेही त्याच दिवशी ठरले: बाप आणि लेक यांच्या जोडीतून.

त्याच वर्षी, १९५८ मध्ये, तेव्हाच्या बिहारातल्या हजारीबागच्या जंगलात एक पांढरा वाघ गोळी घालून मारला गेला. रानात मारल्या गेलेल्या पांढऱ्या वाघाची ती शेवटची नोंद आहे. ज्या वर्षी पांढऱ्या रंगाला राजवाड्यात घर मिळाले, त्याच वर्षी तो रानातून गेला.

गोविंदगडची बातमी जगभर पसरली. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूचे संचालक थिओडोर रीड मोहिनीला न्यायला भारतात आले. तिची किंमत ठरली दहा हजार डॉलर. पैसे दिले एका अमेरिकन प्रसारण कंपनीने. ५ डिसेंबर १९६० रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मोहिनी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना दाखवण्यात आली. बरगडीच्या कपारीतून धरलेल्या पिल्लाची ही लेक. तिची आई तिची सावत्र बहीणही होती. अमेरिकेत पुढे वर्षानुवर्षे लोक तिला बघायला रांगा लावत.

राजा आणि राणी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेले. १९६३ साली चंपा आणि चमेली ही जोडी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला रवाना झाली. कोलकात्याच्या अलीपूरलाही गोविंदगडची पांढरी पिल्ले पोचली. संस्थान गेलेल्या राजाला एवढे वाघ पोसणे सोपे नव्हते, आणि जगातल्या प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला पांढरा वाघ हवा होता. तो दिसला की गर्दी होई, गर्दी झाली की तिकिटे खपत. पांढरा वाघ म्हणजे दुर्मीळ जात, ती पिंजऱ्यात वाचवली जाते आहे, असा समज पसरत गेला. पण तशी वेगळी जातच नाही. पांढरा वाघ हा तोच पट्टेदार वाघ. एका जनुकातल्या एका अक्षराने त्याचा रंग बदललेला असतो, इतकेच.

वॉशिंग्टनमध्ये मोहिनीसाठी नर हवा होता. तिथे तिच्यासारखा पांढरा नर नव्हता, म्हणून १९६३ साली सॅम्पसन नावाचा केशरी वाघ आणला. सॅम्पसन हा मोहन आणि बेगम यांचा मुलगा; म्हणजे बापाकडून मोहिनीचा सावत्र भाऊ आणि आईकडून मामा. त्याच्यापासून झालेल्या रमण नावाच्या केशरी पिल्लाशी मोठेपणी मोहिनीची जोडी लावली गेली. आई आणि मुलगा. रंग टिकवण्यासाठी घेतलेले हे निर्णय पाहिले की त्या काळच्या तज्ज्ञांची घाई कळते. जनुक एकच, ते धारण करणारे मोजके प्राणी, आणि सगळे एकाच घरातले.

मोहिनी आणि रमण यांच्या पोटी १९७० साली मोनी हा पांढरा नर जन्मला. तो दोन वर्षांचाही झाला नाही. मज्जासंस्थेच्या आजाराने गेला. त्याचा मेंदू शास्त्रज्ञ रेनर गिलरी यांच्याकडे अभ्यासाला आला आणि १९७३ साली गिलरी व जॉन कास यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्याविषयी लिहिले. डोळ्यातून निघालेल्या मज्जातंतूंपैकी काही मेंदूच्या दुसऱ्या बाजूला जातात, काही त्याच बाजूला राहतात. दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा जुळून खोली कळते ती यामुळे. मोनीच्या मेंदूत त्याच बाजूला राहायला हवे होते असे बरेच तंतू वाट चुकून दुसऱ्या बाजूला गेले होते. सयामी मांजरांतही असेच आढळते. डोळ्याच्या वाढीच्या काळात रंगद्रव्य कमी पडले की तंतूंची वाट चुकते. अनेक पांढऱ्या वाघांचे डोळे तिरळे का असतात, याचे उत्तर तिथे मिळाले. हा दोष काही एका पिल्लाच्या नशिबाचा नव्हता. तो त्या रंगाशीच जोडलेला होता.

त्याखेरीज जवळच्या नात्यातल्या संकराने येणारे दोष वेगळे. रक्ताच्या नात्यात पिढ्यामागून पिढ्या जोड्या लावल्या की दडलेली सगळीच अप्रभावी जनुके जोडीजोडीने वर येऊ लागतात. पांढऱ्या रंगाचे जनुक यावे म्हणून बाप-लेक एकत्र आणायचे आणि बाकीची वाईट जनुके मात्र येऊ नयेत अशी अपेक्षा धरायची, हे होणारे नव्हते. विकृत सांधे, वाकडी पाठ, अल्पायुष्य, मृत जन्मलेली पिल्ले यांच्या हकिकती अनेक ठिकाणांहून येत राहिल्या. शिवाय पांढऱ्या पिल्लांसाठी लावलेल्या जोड्यांतून केशरी पिल्लेही जन्मत. त्यांना विचारणारे कमी. रंग चुकला म्हणून त्यांची किंमत उतरे.

तरीही मागणी थांबली नाही. अमेरिकेत पांढऱ्या वाघांची पैदास वाढली, ते सर्कशीत आले, लास वेगासमधल्या सिगफ्रीड आणि रॉय यांच्या जादूच्या खेळांत झळकले. शेवटी २०११ साली अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने आपल्या सदस्य संस्थांना पांढऱ्या वाघांची पैदास करण्यास मनाई केली. मोहिनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उभी राहिली, त्यानंतर पन्नास वर्षांनी.

इकडे मोहन गोविंदगडमध्येच राहिला. त्याने आपल्या लेकी-नाती समुद्रापार जाताना पाहिल्या नाहीत. त्याचे जग तो राजवाडा होता. १९६९ च्या डिसेंबरात तो वारला. वय वीसच्या घरात, म्हणजे रानातल्या वाघाला क्वचितच लाभणारे आयुष्य. राजवाड्यातल्या लोकांनी शोक पाळून त्याला धार्मिक विधींसह पुरले. त्याच्या मरणाआधी काही आठवडे दिल्लीत निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते आणि भारतीय वाघाच्या घटत्या संख्येचा प्रश्न तिथे जगापुढे आला होता. त्यानंतर लवकरच वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. बांधवगडचे रान तर १९६८ सालीच राष्ट्रीय उद्यान झाले होते. केशरी वाघाला रानात जगू द्यायचे, हा विचार मोहनच्या हयातीच्या अखेरीस देशात रुजला. त्या विचाराने वाघ वाचला. पण पांढरा रंग तोवर रानात दिसेनासा झाला होता.

या रंगाचे कोडे २०१३ साली उलगडले. बीजिंग विद्यापीठातल्या लुओ शू-जिन यांच्या गटाने चीनमधल्या एका प्राणिसंग्रहालयातल्या सोळा वाघांच्या एका कुटुंबाची जनुके तपासली. कुटुंबात काही पांढरे होते, काही केशरी. त्यांना एका प्रथिनात एक बदल सापडला. त्या प्रथिनाच्या साखळीत चारशे सत्त्याहत्तराव्या जागी ॲलॅनिन हवे, तिथे व्हॅलिन आले होते. बस, एवढेच. नात्याबाहेरच्या सुमारे एकशे तीस वाघांची तपासणी केल्यावरही हाच निष्कर्ष पक्का झाला. हे प्रथिन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत वाहतुकीचे काम करते. ते बिघडले की तांबूस रंग बनणे थांबते, काळा मात्र बराचसा टिकतो. त्या संशोधकांचे म्हणणे होते की पांढरा रंग हा वाघाच्या नैसर्गिक विविधतेचाच भाग आहे. माणसांनी तो गोळीने आणि पिंजऱ्याने रानातून नाहीसा केला. त्यांचे हे म्हणणे मला पटते. पांढरा वाघ ही निसर्गाची चूक नव्हती. एका घराण्यात कोंडून त्याची जी गत झाली, ती माणसाची करणी.

एप्रिल २०१६ मध्ये रीव्याजवळ मुकुंदपूरला पांढऱ्या वाघांची सफारी सुरू झाली, महाराजा मार्तंडसिंहांच्या नावाने. मोहनच्या मुलखात पांढरा वाघ परतला, म्हणून लोकांना आनंद झाला. आपल्याकडेही बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला बाजीराव हा पांढरा वाघ कैक वर्षे मुंबईच्या मुलांचा लाडका होता. २०१९ च्या डिसेंबरात वयाच्या अठराव्या वर्षी तो गेला. या वाघांवर माणसांनी माया केली, ती खोटी नाही. पण त्यांच्याकडे बघताना एक गोष्ट मनात ठेवली पाहिजे. ते ज्या रंगासाठी तिथे आहेत, तो रंग त्यांच्या पूर्वजाला रानात मिळाला होता. त्याच्यावर कोणाची मालकी नव्हती.

गोविंदगडच्या गोष्टीचा पुढचा भाग सध्या ओडिशात घडतो आहे, आणि तिथे रंग उलटा आहे. सिमलीपालच्या व्याघ्र प्रकल्पात काळपट वाघ आहेत. त्यांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले की अंग जवळजवळ काळे दिसते. २०२१ साली बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने यामागचे जनुक शोधले. त्याच जनुकातल्या बदलांमुळे मांजराच्या अंगावरचे पट्टे ठिपक्या-नागमोडींत फिसकटतात आणि चित्त्यांत रुंद पट्ट्यांचा 'किंग चीता' निपजतो. सिमलीपालबाहेरच्या रानटी वाघांत हा रंग सापडत नाही. असे का, याचे उत्तर ओळखीचे आहे. सिमलीपालचे वाघ मूठभर पूर्वजांपासून वाढले, आणि आजूबाजूचे रान तुटल्याने बाहेरचा वाघ तिथे पोचत नाही. एकाच घरातले रक्त पुन्हा पुन्हा एकत्र येते, आणि दडलेले जनुक वर येते. राजवाड्याच्या भिंतींनी गोविंदगडात जे केले, ते इथे शेते, रस्ते आणि खाणींनी केले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला काळा वाघ अद्भुत वाटतो. जीवशास्त्राला त्यात एका कोंडलेल्या कुळाची खूण दिसते.

या खुणेला दिलेले उत्तर मात्र गोविंदगडहून वेगळे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या चंद्रपूरच्या ताडोबातून जमुना नावाची तरुण वाघीण सिमलीपालला नेण्यात आली, आणि नोव्हेंबरात झीनत. दोघी केशरी. काळ्या वाघांच्या कुळात बाहेरचे रक्त यावे, म्हणून हा खटाटोप. झीनतला सिमलीपाल पटकन मानवले नाही. ती प्रकल्पाबाहेर पडली, झारखंडात शिरली, तिथून पश्चिम बंगालात गेली. वनखात्याची माणसे तिचा माग काढत जवळपास तीन आठवडे फिरली. अखेर डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणले.

झीनतच्या त्या भटकंतीने अनेकांची झोप उडवली. गावे धास्तावली, शेळ्या गेल्या. पण वाघाच्या रक्तातला खजिना जपला जातो तो असाच, नव्या मुलखात शिरणाऱ्या आणि अनोळखी वाघाला भेटणाऱ्या पावलांनी. एकेकाळी हजारीबागपासून रीव्यापर्यंत वाघ असे चालत असणार, आणि त्यांच्या केशरी अंगांत पांढऱ्या रंगाचे जनुक गुपचूप चालत असणार. मोहन त्या वाटेवरच जन्मला. रंग हवा म्हणून १९५८ साली राधाला तिच्या बापाशी जोडले. वाघ हवा म्हणून २०२४ साली चंद्रपूरच्या वाघिणीला काळ्या वाघांच्या रानात नेऊन सोडले. तिच्या पिल्लांत काळी किती निघतील, केशरी किती, याची चिंता या वेळी कोणी केलेली नाही.